गाण्यांची गादी

त्या वर्षी वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की देवापुढच्या वातीसाठी बायका सरकीला चिकटलेले तंतू नखांनी खरवडून काढू लागल्या. सातासमुद्रापलीकडे कुण्या मुलखात भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथं नांदगाव खंडेश्वरच्या भगवंतरावानं आपल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. दुसऱ्याच्या आगीवर पोळी भाजून घ्यायला माणसाला शिकवावं लागत नाही. तसा भगवंतराव माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्याकडं पैसा नवा होता आणि नवं कापड अंगावर जरा कडकच बसतं.

तर हा भगवंतराव दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी अमरावतीत राजापेठेला नत्थुजीच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला. नत्थुजी चित्रकथा सांगणारा. त्याचे पूर्वज केव्हातरी पैठणाकडून इकडं आलेले. मांडीवर किंगरी घ्यायची, गजानं ती वाजवत गोष्ट गायची, आणि शेजारी बसलेल्यानं एकेक रंगीत पान उचलून लोकांना दाखवायचं, असा घरचा धंदा. पानं रंगवायची ती त्याची मोठी मुलगी सुभद्रा. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत कपाळ पुसून ती माहेरी आली होती. घरात मुलगा नव्हता, म्हणून बापानं कुंचला तिच्या हाती दिला, आणि देताना वाटलं नव्हतं इतका तो तिच्या हातात शोभला.

"सीतादहीच्या दिवशी माया वावरात कथा लावतो," भगवंतराव म्हणाला. सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीचा दिवस. बाया वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बोंडाला हात लावतात. "पण नत्थुजी, जुनी कथा नाई पायजे. रामाची झाली, पांडवाची झाली. कोणी कधी आयकली नाई अशी सांगा. चित्रं नवी, रंग भारी. खर्चाचं तुमी बोलूच नका."

सुभद्रा चुलीपाशी बसून ऐकत होती. बाप आता नाही म्हणणार हे तिला ठाऊक होतं. दीड वर्ष तो प्रत्येकाला नाहीच म्हणत आला होता. ती लोकांच्या लग्नात भिंतीवर हत्तीघोडे काढायची, कुणाच्या दारावर गणपती काढायची, त्यावर दोघांचं पोट चालायचं. किंगरी खुंटीला टांगलेली.

"हाये एक," नत्थुजी म्हणाला. "कोणी आयकली नाई अशी हाये."

सुभद्राच्या हातातली भाकर तव्यावरच करपली.

बाप का गात नव्हता ते सांगायला हवं. सुभद्राला एक धाकटी बहीण होती, शकुन. आई शकुनच्या बाळंतपणात गेली, तेव्हा सुभद्रा दहा वर्षांची होती; तिनंच त्या लेकराला गाईच्या दुधाची बोटं चोखवून वाढवलं. त्यामुळं शकुन तिची बहीण कमी आणि लेकरू जास्त. नऊ वर्षांची झाली तेव्हा शकुन बापाची जील धरायला लागली. गाणारा ओळ म्हणतो, आणि ओळीचं शेपूट उचलून वर नेणारा जो दुसरा आवाज असतो, ती जील. शकुनचा आवाज बारीक, पण असा सरळ जायचा की बसलेली माणसं ताठ होत. गेल्याच्या गेल्या फाल्गुनात बाप तिला घेऊन अकोल्याला गेला आणि वीस दिवसांनी एकटा परत आला. पटकी झाली म्हणाला. एवढंच. त्या वर्षी पटकी होतीच. कोणी जास्त विचारलं नाही.

पण सुभद्रानं विचारलं. शेवटी काय बोलली? माझं नाव घेतलं का? पाणी कोणी पाजलं? कोणत्या लुगड्यात गुंडाळली? बाप म्हणायचा, "काई नाई. झालं थे झालं." आणि उठून बाहेर जायचा. दीड वर्ष ती एवढ्यासाठीच झुरत होती. मेलेलं माणूस परत येत नाही हे कळण्याइतकी ती शहाणी होती. पण आपल्या हातानं वाढवलेलं लेकरू कसं गेलं हेही आपल्याला ठाऊक नसावं, हे तिला सहन होत नव्हतं. बाप गायला लागला तर कधीतरी बोलेलही, असं तिला वाटलं. म्हणून ती करपलेली भाकर तिनं आनंदानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजीनं किंगरी खाली काढली. गोष्ट आधी आली नाही, आधी चाल आली. दोन दिवस तो नुसती चाल वाजवत होता. चाल साधी होती, लहान मुलाला झोपवावं तशी डोलणारी, पण दर ओळीच्या शेवटी तो गज उचलून धरायचा आणि तेवढी जागा मोकळी सोडायचा. मग पुढची ओळ. सुभद्रा खलात गेरू घोटत बसली होती. त्या रिकाम्या जागेशी तिचा हात दरवेळी थांबायचा. ती जीलेची जागा होती. तिथं कोण होतं ते तिला सांगायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी गोष्ट सुरू झाली.

एक राजा होता. त्याला झोप येत नव्हती. हंसाच्या पिसांची गादी केली, सावरीची केली, काही उपयोग नाही. सारं राज्य जागं राहायचं, कारण राजा जागा असताना झोपणाऱ्याचं डोकं उडवायचा हुकूम होता. तेव्हा एक राक्षस दरबारात आला. म्हणाला, महाराज, मी तुम्हाला गादी भरून देतो, पण पिसांची नाही. गाण्यांची. लहान पोरींच्या गळ्यातलं गाणं कापसाहून मऊ असतं.

"हे कुठून काढलं, बाबा?" सुभद्रानं विचारलं.

"चालीतून," तो म्हणाला. "तू काढत जा. मी सांगत जातो."

मग ती काढत गेली. आयुष्यात तिनं इतकी चांगली चित्रं काढली नव्हती. कागद खळीनं जोडून दुहेरी केले, खारीच्या शेपटीचे नवे कुंचले बांधले. पहिल्या पानावर नियमाप्रमाणं गणपती. दुसऱ्यावर जागा राजा, डोळे हिंगुळासारखे लाल. तिसऱ्यावर राक्षस निघाला आहे, खांद्यावर रिकामी गोणी. त्याच्या हातात काय देऊ म्हणून तिनं विचारलं, तर बाप म्हणाला, "किंगरी दे." राक्षस गावोगाव जाऊन किंगरी वाजवायचा. ज्या गावात वाजवी तिथली एखादी पोर मागं येई, त्याच्या ओळीला जील धरी. तो गोणीचं तोंड उघडून धरी, आणि पोरीचा आवाज गोणीत जाई. पोर तिथंच राही, पण मुकी. चौथ्या पानावर मुकी झालेली कुंभाराची पोर, पाचव्यावर माळ्याची, फुलांच्या टोपलीपाशी बसलेली, तोंड उघडं आणि त्यातून काही येत नाही.

सुभद्राला भीती वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. असल्या गोष्टीत एक गोडी असते. बाप इतक्या दिवसांनी बोलत होता. संध्याकाळी ती दोघं अंगणात बसून पानं उन्हातून आत घेत, आणि मधूनच तो म्हणे, "ह्या माळ्याच्या पोरीचा पदर जरा हिरवा कर." तिला वाटलं, दुखणं उतरतंय.

एक मात्र होतं. राक्षसाचा चेहरा बाप काढू देईना. प्रत्येक पानात त्याची पाठ. "मुखडा शेवटल्या पानात," तो म्हणायचा. आणि बापाचा खोकला वाढत होता. अकोल्याहून तो घेऊन आला होता तो खोकला.

सातव्या पानाला गोणी भरत आली, फक्त एका गाण्याची जागा राहिली. आठव्याला राक्षस वाजवत वाजवत एका ओळखीच्या गावाशी आला. त्याला आपली किंगरी इतकी आवडायची की वाजवताना तो कुणाकडं बघत नसे. मागून एक आवाज आला, सगळ्यांहून सरळ. त्यानं गोणी उघडली, आवाज घेतला, तोंड बांधलं. राजाची गादी भरली. राजा झोपला, राज्य झोपलं. राक्षस आपल्या घरी गेला, आपल्या पोरीला हाक मारली, तर पोर त्याच्याकडं बघून नुसतं तोंड हलवायला लागली.

सुभद्राचा कुंचला थांबला.

"आता नववं," नत्थुजी म्हणाला. किंगरी त्यानं खाली ठेवली होती. दुपार होती, अंगणात आठ पानं वाळत पडली होती. "नवव्यात राक्षसाचा मुखडा काढ. माया काढ."

"काय?"

"माया मुखडा दे त्याले. मिश्या, फेटा, सारं."

"काहून?"

"तिले पटकी नोती झाली, सुभे."

मग त्यानं सांगितलं. दीड वर्ष जे दाबलं ते एका दमात सांगितलं, आणि सांगताना एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही.

अकोल्यात एका व्यापाऱ्यानं कापूस साठवायला जुनी धान्याची कोठी घेतली होती. वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, आणि धाब्याला भोक पाडलेलं. गाड्या यायच्या, हमाल कापूस धाब्यावर चढवून भोकातून खाली ओतायचे, आणि आत माणसं तो तुडवून दाबायची, म्हणजे जास्त मावावा. कोठी भरत आली की छताखाली मोठ्या माणसाला उभं राहता येत नसे. मग शेवटचे थर तुडवायला पोरं उतरवायचे. तुडवणाऱ्यांचे पाय तालात पडावे म्हणून व्यापाऱ्यानं नत्थुजीला धाब्यावर बसवलं. भोकाच्या काठाशी बसून त्यानं कथा गायची. दिवसाला ज्वारीची एक पायली. कापूस सगळ्यांनी पेरला होता, ज्वारी कुणी पेरली नव्हती, पायलीची किंमत तेव्हा विचारू नये.

शकुन आपणहून आत उतरली. कापसावर नाचायला मिळतंय म्हणून खिदळत. बाप वर ओळ म्हणायचा आणि खालून, त्या भोकातून, तिची जील यायची. व्यापाऱ्याचे पाहुणे ऐकायला उभे राहिले. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी तिच्याबरोबरच्या दोघी पोरी पाणी प्यायला वर आल्या, शकुन कोपऱ्यात तुडवत राहिली. कथा रंगात आली होती. आणि एका ओळीला जील आली नाही.

"मले वाटलं, दमली," नत्थुजी म्हणाला. "नाईतं रुसली. सकाळी तिले मी पेरू देल्ला नोता."

आता हे त्या घराण्याचं समजून घ्यायला हवं. चित्रकथा सांगणारा सुरू केलेली कथा मधेच तोडत नाही. तोडली तर ऐकणाऱ्याच्या घरात विघ्न येतं, असं त्यांचे बाप-आजे सांगत आले. आणि जीलकरी चुकला, खोकला, विसरला, तर गाणाऱ्यानं तीच जील आपण उचलायची, त्याच्याच आवाजात, म्हणजे ऐकणाऱ्याला कळू नये. हे लहानपणी बापाच्या छड्या खाऊन शिकवलं जायचं. नत्थुजीला ते फार छान जमायचं. शकुनचा बारीक आवाज तो असा काढायचा की सुभद्रासुद्धा फसायची.

त्यानं जील उचलली. डोळे मिटून, बारीक आवाजात.

नवी गाडी आली होती. हमाल भोकाशी कापूस घेऊन उभे होते. पोर आत आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते जील ऐकून अंदाज घ्यायचे. जील येतेय म्हणजे पोर बरी आहे, बाजूला आहे. जील येत होती. त्यांनी ओतला. पूर्ण गाडी ओतली. नत्थुजीनं कथा शेवटाला नेली, आरती म्हटली, पाहुण्यांनी वाहवा केली, आणि मग त्यानं भोकात वाकून हाक मारली.

"मी थांबलो असतो तं त्याइनं वाकून पायलं असतं," तो म्हणाला. "एक ओळ थांबलो असतो तरी."

कोठी उपसायला दुसरी दुपार झाली; शकुन कोपऱ्यात, खचलेल्या कापसात रुतलेली सापडली. मोर्णा नदीच्या काठी पुरली. व्यापाऱ्यानं ज्वारी दिली, तीही त्यानं घेतली. नाही म्हणायचं सुचलं नाही.

 सुभद्रा उठली, खलातला गेरू अंगणात फेकून दिला.

"मी दीड वर्ष पटकीले शिव्या देल्या," ती म्हणाली. "मरीमायले नारळ फोडला मी, का बाकीच्याइची लेकरं वाचव म्हणून. अन् तुमी पायत होते."

"व्हय."

"ज्वारी घेऊन आले तुमी घरी. मी थ्या ज्वारीच्या भाकरी केल्या. मी खाल्ल्या!"

तो अंगणात सांडलेला गेरू हातानं गोळा करायला लागला.

दहा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि पाठ फिरवायची. रडायची ती विहिरीवर, बायका नसताना, पदर तोंडात कोंबून. तिच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट यायची: खाली अंधारात शकुनला बापाचा आवाज ऐकू येत असेल, आणि तिचाच आवाज वरून ऐकू येत असेल, दुसऱ्या कुणाच्या तोंडून. त्या लेकराला काय वाटलं असेल? या विचारापाशी ती पुन्हा पुन्हा येऊन पडायची आणि पुढं वाट नव्हती. कसं गेलं ते कळावं म्हणून झुरत होती ना, आता कळलं होतं.

भगवंतरावाचा माणूस मधे येऊन सीतादहीचा दिवस सांगून गेला. नववं पान कोरंच होतं. नत्थुजी दारातून म्हणायचा, "राक्षस काढ, सुभे. दात काढ, शिंगं काढ. मुखडा माया."

अकराव्या दिवशी तिनं तोंड उघडलं. "नाई काढत राक्षस."

"काहून?"

"राक्षस काढला का लोक म्हणतीन, राक्षसच होता, त्याचं काय. तुमीबी म्हणसान. सोपं जाईन तुमाले. मी सोपं करत नाई."

आणि तिनं पान पुढं ओढलं. तिला ते विद्रूप काढायचं होतं. सगळा राग त्या पानावर ओतायचा होता. पण हाताला जे ठाऊक होतं तेच हात काढत गेला. लहानपणापासून ती बापाला गाताना पाहत आली होती. झुकत्या मिश्या, उजवीकडं कललेला फेटा, मांडीवर किंगरी, मान किंचित मागं. आणि डोळे मिटलेले. चेहऱ्यावर ते सुख, जे गाताना त्याला व्हायचं, ज्यासाठी ती आणि शकुन त्याच्याकडं बघत बसायच्या. दात नाहीत, शिंगं नाहीत. खाली एक काळं भोक, आणि भोकातून वर आलेली एक पांढरी रेघ, अर्ध्यात संपलेली.

नत्थुजीनं पान हातात घेतलं. 

"असाच होतो मी?"

"असेच होते."

"मंग हेच दाखव," तो म्हणाला. "मी सांगतो लोकाइले. चार माणसाइत सांगतो. मंग त्याइले जे करायचं थे करू दे. वाळीत टाकू दे, मारू दे." हे बोलताना त्याचा चेहरा इतका हलका झाला की सुभद्रानं मान वळवली. तिला वाटलं, हेच बरोबर आहे. लोकांनी ऐकलं म्हणजे शकुनचं मरण कुठंतरी मांडलं जाईल. नाहीतर ते या घरातल्या दोघांबरोबर मातीत जाणार.

सीतादहीच्या दिवशी भगवंतरावाच्या वावरात शेदोनशे माणूस जमलं होतं. बायांनी पाच दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवला, पहिली बोंडं वेचली, जेवणं झाली. मग सगळे निंबाखाली बसले. भगवंतराव पुढं, गादीवर, त्याच्या बाजूला शेजारच्या गावचे पाटील वामनराव. आजूबाजूला फुटलेल्या बोंडांचं पांढरं रान. सुभद्रानं तिकडं पाहायचं टाळलं. ती पानं मांडीवर घेऊन बसली.

नत्थुजी गायला. खोकला मेला कुठं गेला होता कोण जाणे. आवाज फाटका झाला होता, पण फाटक्या आवाजातच ती गोष्ट अंगावर यायची. दर ओळीशेवटी तो थांबायचा, आणि त्या रिकाम्या जागेत लोक श्वास धरायचे. मुकी माळीण दिसली तशी बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. आठवं पान झालं. सगळे राक्षसाचा चेहरा बघायला वाकले. सुभद्रानं नववं उचलून धरलं.

लोक गोंधळले. मग एकानं पानाकडं पाहिलं आणि नत्थुजीकडं पाहिलं, आणि कुजबुज सुरू झाली.

नत्थुजीनं किंगरी बाजूला ठेवली. "हा राक्षस नोये," तो म्हणाला. "हा मी हावो. माया पोरीचं नाव शकुन होतं. नऊ वर्साची होती." आणि त्यानं चाल न लावता, साध्या बोलण्यात, सगळं सांगितलं. अकोला, कोठी, भोक, न आलेली जील, आपण उचललेली जील. ज्वारीसुद्धा सांगितली. सांगून झालं. नत्थुजी हात जोडून, मान खाली घालून बसला. वाट बघत होता.

"वा!" भगवंतराव म्हणाला.

तो उठून उभा राहिला. त्याच्या गालांवरून खरंच पाणी ओघळत होतं. "वा नत्थुजी! काळीज काढून हातावर ठेवलं! काय सोंग वठवलं हो!" त्यानं आपल्या खांद्यावरचा शेला काढून नत्थुजीच्या अंगावर टाकला. आणि मग सगळं वावर उठलं. लोक ओरडत होते, रडत होते, तांदळाच्या मुठी उधळत होते. एक म्हातारी पुढं येऊन त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायला लागली.

"खरं हाय, मालक," नत्थुजी म्हणाला. "सोंग नोये. खरं हाय."

"हेच! हेच तं!" वामनराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "शेवटपर्यंत सोडलं नाई पठ्ठ्यानं! आमच्या गावी लावा बुवा पुढल्या आठोड्यात. पण शेवट असाच पायजे, त्याच्यात काई कमी करू नका."

"माया पोरगी होती थे," तो म्हणाला. तो आता उभा राहिला होता, एकेकाचा हात धरत होता. "मीच मारली. आयका ना. मीच." ज्याचा हात धरला तो गहिवरून त्याच्या पाया पडला. सुभद्रा पान हातात घेऊन बसली होती. उठून ओरडावं असं तिच्या गळ्याशी आलं, की हे खरं आहे, ती माझी होती, मी तिला दुधाची बोटं चोखवली. पण तिच्याकडंही लोक ओल्या डोळ्यांनी कौतुकानं बघत होते. ती बोलली असती तर तिच्याही अंगावर कुणी शेला टाकला असता. तिनं पान मांडीवर पालथं घातलं.

ऊन उतरायच्या आत भगवंतरावानं त्यांना आपल्या गाडीत बसवून दिलं. चांदीच्या शेंब्यांचे बैल, मागं ज्वारीचं पोतं, वर गूळ, लुगडं. नत्थुजी शेला पांघरून पोत्याला टेकून बसला होता. शेला काढायचं त्याला सुचत नव्हतं. गाडी नांदगावच्या शिवाराबाहेर आली आणि त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. गाडीवानानं मागं वळून पाहिलं.

"काहून रडता, बुवा?" तो मायेनं म्हणाला. "गोष्टच तं होती."

नत्थुजीनं सुभद्राकडं पाहिलं. त्या दिवशी कोठीच्या भोकात वाकून पाहिलं असेल तसं, तिला वाटलं.

"सुभे," तो म्हणाला, "तुले तरी खरं वाटते ना?"

तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर ती राहू शकली असती. तेवढा राग अजून तिच्याजवळ होता. रस्ता खडकाळ होता, गाडी हिंदकळत होती, आणि तो उत्तर येईपर्यंत तिच्याकडं बघत राहिला.

"हो, बाबा," ती म्हणाली. "मले खरं वाटते."

त्यानं मान हलवली. हलवतच राहिला. सुभद्रानं पुढं होऊन त्याच्या अंगावरचा शेला काढला, घडी घालून गाडीवानाशेजारी ठेवला, आणि त्याला रडू दिलं.